जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक : अस्सल की सुधारित?

जुन्या मोटारींच्या रॅलीत रसिकांची गर्दी कशाभोवती जमते, हे पाहण्यासारखे असते. चकाकणारे क्रोमियम, लांबलचक बॉनेट, तारांची चाके, चामड्याची आसने आणि इंजिनाचा घनगंभीर आवाज यांचे कौतुक करताना माणसे थकत नाहीत. दिल्लीत १९६४ साली ‘द स्टेट्समन’ने सुरू केलेली रॅली असो वा मुंबईच्या रस्त्यांवरील एखाद्या रविवारचे संचलन असो, ‘ही किती वेगाने धावते?’ हा प्रश्न मालकाला हमखास विचारला जातो. ‘ही किती अंतरात थांबते?’ असे मात्र क्वचितच कोणी विचारते. ब्रेक बिचारे चाकांच्या आड दडलेले असतात. त्यांना ना पॉलिश लागते, ना पारितोषिक मिळते.

मालकांच्या आपसांतील चर्चेत मात्र हा विषय अलीकडे वारंवार निघतो व तोही बऱ्याच आवेशाने. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स कारचे मूळ ड्रम ब्रेक काढून तेथे डिस्क ब्रेक बसवावेत काय, हा तो प्रश्न. एक पक्ष म्हणतो की, ब्रेक बदलला की गाडीचा अस्सलपणा गेला. दुसरा पक्ष म्हणतो की, जीवच गेला तर अस्सलपणा काय कामाचा? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघांच्याही नजरेतून एक महत्त्वाची बाब निसटते. सुधारणा करावी की नाही, यापेक्षा ती कोणत्या क्रमाने करावी, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

उदाहरण म्हणून जग्वार कंपनीच्या एक्सके १२० या गाडीचा विचार करणे सोयीचे ठरेल. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी प्रथम दिसली आणि युद्धाने दमलेल्या ब्रिटनला जणू स्वप्न पडले. ३.४ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, १६० अश्वशक्ती आणि नावातच वेगाची ग्वाही. त्यातील १२० हा आकडा ताशी १२० मैलांचा, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटरचा. हा दावा पोकळ नव्हता. मे १९४९ मध्ये बेल्जियममधील याब्बेके येथील सरळ रस्त्यावर या गाडीने ताशी १३२ मैलांहून अधिक वेग नोंदविला. १९५४ पर्यंत अशा सुमारे १२,००० गाड्या तयार झाल्या. परंतु त्या वेगाला आवर घालण्यासाठी चारही चाकांना बसविलेले होते ते ड्रम ब्रेक. पोलादी बंद चाके आणि मागील चाकांवरील झाकणे यांमुळे त्या ड्रमना वारा बेताचाच मिळे. जोरात चालविणाऱ्यांना ब्रेक तापून क्षीण होण्याचा अनुभव पहिल्यापासून येत होता व त्या काळच्या शौकिनांत ती गोष्ट सर्वश्रुत होती.

ब्रेकचे काम वस्तुतः एका प्रकारच्या रूपांतराचे आहे. धावत्या गाडीतील गतिज ऊर्जेचे तो उष्णतेत रूपांतर करतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो. गाडीचे वजन साधारण १३०० किलो धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबताना सुमारे ५ लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. तेवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचे दीड लिटर पाणी उकळू लागेल. हीच गाडी ताशी १९३ किलोमीटर वेगावरून थांबवायची झाली, तर साडेपाच लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता काही सेकंदांत झेलावी लागते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. चक्रवाढ व्याजाचे कोष्टक ज्यांच्या रोजच्या हाताखालचे आहे, त्यांना या वाढीची तऱ्हा निराळी समजावून सांगावी लागू नये.

ड्रम ब्रेकमध्ये ही उष्णता एका बंद डब्यात अडकते. आतील दोन शू बाहेरच्या बाजूस दाबले जाऊन फिरत्या ड्रमला घासतात. ड्रम तापला की तो प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर सरतो, आणि पेडल अधिकाधिक खोल जाऊ लागते. त्याच वेळी लायनरची पकडही तापमानाने घसरते. पाय तेवढ्याच जोराने दाबलेला असतो, पण गाडी थांबत नाही. डिस्क ब्रेकची रचना याच्या उलट. येथे तबकडी उघड्यावर फिरते, दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमट्यासारखे धरतात, वारा सतत लागत राहतो आणि तापल्याने तबकडी जाड झाली तरी ती पॅडपासून दूर जात नाही. पावसाचे पाणीही तिच्यावर टिकत नाही.

तथापि ड्रमच्या बाजूने एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. चांगल्या स्थितीतील थंड ड्रम ब्रेक दुर्बल मुळीच नसतो. पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर अधिक दाबला जातो, त्यामुळे थोड्या जोरात पुष्कळ पकड मिळते. जुन्या अरुंद टायरची चाके तो सहज जखडून टाकू शकतो. चाक एकदा जखडले की पुढचे सारे टायर आणि रस्ता यांच्या हाती. त्यामुळे सकाळी गॅरेजमधून काढलेल्या गाडीचा पहिला ब्रेक तपासला, तर ड्रम आणि डिस्क यांच्या थांबण्याच्या अंतरात फारसा फरक दिसेलच असे नाही. फरक दिसतो तो मसुरीहून देहरादूनला उतरताना दहाव्या वळणावर किंवा खंडाळ्याचा घाट उतरताना पुढचा मालट्रक अचानक थांबतो तेव्हा.

डिस्क ब्रेकची कल्पना तशी जुनीच. इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. पण तिला स्पोर्ट्स कारच्या जगात प्रतिष्ठा मिळवून दिली ती याच जग्वार कंपनीने, डनलॉपच्या सहकार्याने. एक्सके १२० चेच इंजिन घेऊन शर्यतीसाठी बांधलेली एक्सके १२०-सी ही गाडी पुढे सी-टाइप या नावाने प्रसिद्ध झाली. १९५१ ची ल मान्सची २४ तासांची शर्यत तिने जिंकली ती ड्रम ब्रेकवर. त्यानंतर चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस आणि शर्यतपटू स्टर्लिंग मॉस यांनी डिस्क ब्रेक बसवलेल्या सी-टाइपवर परिश्रम घेतले. १९५२ मध्ये फ्रान्समधील ऱ्हाँस येथे मॉस यांनी तिच्यावर विजय मिळविला. १९५३ मध्ये टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी डिस्क ब्रेकच्या सी-टाइपवर ल मान्सची शर्यत जिंकली, ती ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी वेगाने. त्या शर्यतीत असे पूर्वी कधी घडले नव्हते. प्रतिस्पर्धी वळणाच्या कितीतरी आधी वेग कमी करीत, जग्वार मात्र वळणाच्या जवळ जाऊन ब्रेक लावी. ती शर्यत इंजिनाइतकीच ब्रेकनेही जिंकली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

पुढे १९५७ मध्ये एक्सके १५० या मॉडेलवर चारही चाकांचे डिस्क ब्रेक ग्राहकांना मिळू लागले. अस्सलपणाचा कैवार घेणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या निर्मात्याच्या मूळ संकल्पनेचे रक्षण करायचे, त्यानेच ती संकल्पना अपुरी ठरवून अवघ्या काही वर्षांत बदलली. एक्सके १२० ला पुढे डिस्क बसविणे म्हणजे परक्या गोष्टीचे कलम करणे नव्हे. ते त्याच घराण्यातील धाकट्या भावंडाचे वळण आहे.

याच घराण्याच्या इतिहासात एक काळे पानही आहे. ११ जून १९५५ रोजी ल मान्स येथे माइक हॉथॉर्न यांच्या जग्वार डी-टाइपने पिट्सकडे वळण्यासाठी वेग कमी केला. मागून येणारे लान्स मॅकलिन आपली ऑस्टिन-हीली वाचविण्यासाठी बाजूला वळले, आणि त्यांच्या गाडीवर पिएर लव्हेघ यांची मर्सिडीज आदळून प्रेक्षकांत फेकली गेली. लव्हेघ यांच्यासह ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अपघाताची कारणे अनेक होती. धावपट्टीची अरुंद, जुनाट रचना हे त्यांतील एक मोठे कारण, आणि चौकशीत चालकांवर ठपका ठेवला गेला नाही. मर्सिडीजला ड्रम ब्रेक होते व त्यांच्या साहाय्यासाठी मागे वाऱ्याला अडविणारी मोठी झडप होती. जग्वारला डिस्क होते. एकाच रस्त्यावर निरनिराळ्या क्षमतेने थांबणाऱ्या गाड्या एकामागून एक धावतात तेव्हा काय होऊ शकते, याची चर्चा त्या दिवसापासून कायमची सुरू झाली.

आज परिस्थिती नेमकी उलटली आहे. त्या काळी डिस्कवाली गाडी अपवाद होती, आज ड्रमवाली गाडी अपवाद आहे. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना चाके जखडू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे. द्रुतगती मार्गावर पुढच्या-मागच्या गाड्या जे अंतर राखतात, (राखतात तेव्हा!) ते अशा गाड्यांच्या हिशेबाने. येथे थोडे गणित उपयोगी पडेल. दोन गाड्या ताशी ८० किलोमीटर वेगाने चालल्या आहेत. आधुनिक गाडी गुरुत्वीय त्वरणाच्या आठ दशांश इतक्या मंदनाने थांबते असे धरले, तर तिला सुमारे ३२ मीटर लागतात. तापलेल्या किंवा असमान पकडीच्या जुन्या ब्रेकना त्याच्या निम्मेच मंदन साधले असे धरले, तर ६३ मीटर लागतील. फरक ३१ मीटरचा, म्हणजे सात मोटारींच्या लांबीइतका. पण त्याहून धक्कादायक गोष्ट अशी की, ज्या ठिकाणी आधुनिक गाडी पूर्ण थांबलेली असते, तेथे जुनी गाडी अद्याप ताशी ५६ किलोमीटरच्या वेगाने चाललेली असते. जुन्या गाडीचा मालक आपल्या छंदापायी हा धोका समजून-उमजून पत्करतो. पुढच्या रिक्षात बसलेल्या कुटुंबाने मात्र तो पत्करलेला नसतो. अस्सलपणाचा युक्तिवाद लंगडा पडतो तो येथे. चित्र किंवा शिल्प भिंतीशी स्थिर असते, मोटार सार्वजनिक रस्त्यावर येते.

तरीही अस्सलपणाच्या पक्षाला निव्वळ हटवादी ठरवणे अन्यायाचे होईल. जुनी गाडी हा एका काळाच्या कारागिरीचा दस्तऐवज असतो. प्रत्येक मालकाने आपापल्या सोयीने त्यात दुरुस्त्या केल्या, तर चाळीस वर्षांनी मूळ काय होते हे सांगायला एकही प्रत उरणार नाही. जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिव्हा’ याने २०१२ मध्ये तुरिन येथे संमत केलेली सनद याच चिंतेतून आलेली आहे. प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिच्याच धर्तीवर ही. बदल करणे अपरिहार्य असेल तर तो पुन्हा पूर्ववत करता येईल असा असावा आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत जपून ठेवावेत, असा तिचा आग्रह आहे. हा मार्ग उभय पक्षांना मान्य होण्यासारखा आहे.

परंतु व्यवहारात काय घडते? मालक परदेशातून चार पिस्टनच्या कॅलिपरचा झगझगीत संच मागवितो, तो पुढच्या चाकांना बसवून घेतो आणि निर्धास्त होतो. त्याच गाडीचे मागचे व्हील सिलिंडर मात्र पाझरत असतात, रबरी होज वीस वर्षांपूर्वीचे असतात आणि ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे कोणालाच आठवत नसते. नव्या आलिशान दिवाणखान्याच्या घराचा पाया ओलीने भुसभुशीत झालेला असावा, तसा हा प्रकार. ब्रेक ही एक साखळी आहे. पेडल, मास्टर सिलिंडर, पाईप, होज, सिलिंडर, लायनर, टायर यांतील सर्वांत कच्ची कडी जेवढी पक्की, तेवढाच ब्रेक पक्का.

जुन्या हौशी गाड्यांच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे, कारण त्या धावण्याने जेवढ्या झिजत नाहीत, तेवढ्या उभ्या राहण्याने खराब होतात. नेहमीचे ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. मुंबई, कोची वा कोलकाता यांसारख्या दमट शहरांत तर हे सांगायलाच नको. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. घाटात ब्रेक तापले आणि ऑइल उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. मग पेडल थेट तळाशी जाते आणि चालकाच्या पायाखाली काहीच उरत नाही. यावरचा उपाय काय, तर दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे. इतका स्वस्त विमा दुसरा सापडणार नाही. जी गाडी बहुतांशी उभीच असते, तिच्यासाठी काही जण ओलावा न शोषणारे सिलिकॉन ऑइल वापरतात. त्याने रंगालाही अपाय होत नाही. मात्र ते ग्लायकॉल ऑइलमध्ये मिसळून चालत नाही, सर्व रबरी भाग नवे करून व नळ्या स्वच्छ करूनच ते भरावे लागते, आणि पेडलला किंचित मऊपणा येतो.

तोच न्याय रबरी होजला. तो बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून त्याचे छिद्र अरुंद होते. पेडल दाबले की ऑइल जोराने पुढे जाते, सोडल्यावर परत येत नाही, आणि एका चाकाचा ब्रेक अडकून राहतो. गाडी एका बाजूस ओढू लागते. पोलादी पाईप आतून गंजतात, त्यांच्या जागी तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचे पाईप घालणे श्रेयस्कर. ड्रम अंडाकृती झाले असतील तर ते लेथवर फिरवून घ्यावे लागतात, परंतु कारखान्याने दिलेल्या कमाल व्यासाच्या मर्यादेतच. पातळ ड्रम अधिक लवकर तापतो. शूची वक्रता ड्रमच्या नव्या व्यासाशी जुळवून घेतली नाही, तर लायनरचा मधलाच भाग टेकतो आणि निम्मी पकड वाया जाते. हे जुळवणीचे काम जाणणारे कारागीर आता विरळ होत चालले आहेत. सापडले तर त्यांना मोबदला हात आखडून देऊ नये. आणखी एक गोष्ट. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ब्रिटनने त्याच्या वापरावर १९९९ मध्ये बंदी घातली. तेव्हा जुने ड्रम उघडल्यावर आतील धूळ हवेच्या झोताने उडविण्याची गॅरेजमधील सवय मिस्त्रींच्या फुप्फुसांच्या जिवावर उठणारी आहे. ओल्या फडक्याने ती पुसून घेण्यास दोन मिनिटेच लागतात.

एवढे सारे नीट झाल्यानंतर अनेक मालकांना आश्चर्याचा सुखद धक्का बसतो. ज्या ब्रेकना ते ‘जुन्या काळचे, असेच असायचे’ म्हणून हसण्यावारी नेत होते, ते मूळ ब्रेकच भक्कमपणे काम करू लागतात. शहरातील फेरफटका आणि वर्षातून दोन रॅली एवढाच गाडीचा वापर असेल, तर पुढे जाण्याची निकड उरत नाही. ज्यांना ड्रमच ठेवायचे आहेत, त्यांच्यासाठी पन्नासच्या दशकातीलच एक मार्ग आहे. वेलवर्दी कंपनीचे ‘अल्फिन’ नावाचे ॲल्युमिनियमच्या पंखांचे ड्रम त्या वेळचे शौकीन बसवून घेत. ते उष्णता लवकर बाहेर टाकतात आणि काळाशी विसंगतही ठरत नाहीत. शर्यतीसाठीचे कडक लायनर मात्र रस्त्यावरील गाडीला घालू नयेत. ते तापल्यावर उत्तम धरतात, पण थंड असताना पहिल्याच ब्रेकला दगा देतात.

दुसरी पायरी परिपथांच्या विभागणीची. त्या काळच्या बहुसंख्य गाड्यांत चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून दाब मिळे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. मग उरतो फक्त हँडब्रेक आणि दैव. जग्वारने १९६१ च्या ई-टाइपमध्ये पुढच्या व मागच्या ब्रेकसाठी दोन स्वतंत्र मास्टर सिलिंडर दिले. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना विभागलेले परिपथ सक्तीचे केले. डिस्कच्या झगमगाटापुढे ही सुधारणा कोणाच्या नजरेत भरत नाही, पण प्राणरक्षणाच्या दृष्टीने तिचे मोल डिस्कहून अधिक आहे, असे म्हणावे लागते. डिस्कमुळे गाडी चांगली थांबते, तर दुहेरी परिपथामुळे काहीतरी बिघडल्यावरही ती थांबते. अंदाजपत्रक मर्यादित असेल तर खर्च आधी येथे व्हावा.

यानंतर डिस्कची पाळी. लांबचा, घाटाचा, महामार्गाचा प्रवास ज्यांना करायचाच आहे, त्यांनी पुढच्या चाकांना डिस्क जरूर बसवावेत. मात्र ‘बोल्ट लावला की झाले’ अशी जाहिरात करणाऱ्यांवर भिस्त ठेवू नये. ड्रमच्या यंत्रणेत नळीत थोडासा दाब कायम राखणारी एक झडप मास्टर सिलिंडरजवळ असते. ती तशीच राहिली, तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात व विनाकारण तापतात. डिस्कला ड्रमसारखी स्वतःहून घट्ट धरण्याची सवय नाही, म्हणून पायाचा जोर अधिक लागतो, आणि त्यासाठी इंजिनच्या निर्वातावर चालणारा बूस्टर बसवावा लागतो. कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यांना ऑइल अधिक लागते. मास्टर सिलिंडरचा व्यास वाढवला तर पेडल कमी अंतर जाते, पण कडक होते. व्यास कमी ठेवला तर पेडल हलके होते, पण खोल जाते. हा मेळ अनुभवी माणसानेच घालावा.

सर्वांत नाजूक प्रश्न पुढच्या-मागच्या समतोलाचा. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. मागचे ब्रेक प्रमाणाबाहेर सशक्त केले, तर मागची चाके आधी जखडतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. ओल्या रस्त्यावर हे पापणी लवण्याच्या आत घडते. म्हणूनच ‘पुढे केले, तर मागेही करूया’ हा हौशी उत्साह आवरायला हवा. मागचे ड्रम तसेच ठेवण्यात आणखी एक लाभ आहे. मूळ हँडब्रेक शाबूत राहतो. मागे डिस्क बसविल्यास त्यासाठी निराळी यंत्रणा लागते व ती बहुधा दुबळीच निघते. टायरचे वय पाहणेही विसरू नये. कमी धावलेल्या गाडीच्या टायरवर नक्षी नव्यासारखी असते, पण रबर वाळून कडक झालेले असते. अशा टायरवर जगातील सर्वोत्तम डिस्कही चाक जखडण्यापलीकडे काही करू शकत नाही.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण गाडीत ठळक बदल केलेले नसावेत अशी अट आहे. मात्र आस व चालन-यंत्रणेत सुरक्षिततेसाठी केलेले बदल ठळक मानू नयेत, असे तेथील मार्गदर्शक सूत्र सांगते. भारतात जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत १० वर्षांची आहे. गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, सांगाडा वा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, ही त्यातील अट. ब्रेकचा तेथे नावाने उल्लेख नाही. तथापि बूस्टरसाठी चासीला वेल्डिंग करणे किंवा भोके पाडणे हा निराळाच विषय होईल. मूळ छिद्रांनाच बसणारे व उद्या काढून टाकता येणारे संच मिळतात. तेच निवडावेत आणि काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. अशी गाडी नियमित वापरासाठी वा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

जुनी स्पोर्ट्स कार ही आता मालमत्ताही आहे, आणि मालमत्तेचे मूल्य कागदांवर उभे असते. जग्वारच्या वारसा न्यासाकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रात चासी, इंजिन, गिअरबॉक्स व सांगाडा यांचे क्रमांक, मूळ रंग आणि गाडी कारखान्यातून बाहेर पडल्याची नोंद असते. या क्रमांकांशी गाडी जुळते की नाही, यावर खरेदीदाराची बोली ठरते. ब्रेकच्या पूर्ववत करता येणाऱ्या बदलाने या जुळणीला बाध येत नाही. बाध येतो तो लपवाछपवीने. विम्याचा करार परम सद्भावाच्या तत्त्वावर चालतो. ब्रेकमधील बदल विमा कंपनीला लेखी कळविला नसेल, तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी तोच बदल वादाचे मूळ ठरू शकतो, मग तो बदल सुरक्षिततेसाठी का केलेला असेना. बदलाची तारीख, वापरलेल्या भागांची बिले, आधीची व नंतरची छायाचित्रे आणि काम करणाऱ्या गॅरेजची पावती एका फाईलमध्ये असावी. बँकेच्या कर्ज-प्रकरणात तारण मालमत्तेची कागदपत्रे जशी लावली जातात, तशीच ती लावावीत. पुढचा खरेदीदार त्या फाईलकडे पाहून गाडीसाठी दोन पैसे अधिकच मोजेल.

राहता राहिले ते काढलेले मूळ ड्रम, शू आणि बॅकप्लेट. बहुतेक गॅरेजमध्ये ते कोपऱ्यात पडून राहतात आणि एके दिवशी भंगारवाल्याच्या तराजूत जातात. एक्सके १२० सारख्या गाडीचे चांगल्या स्थितीतील मूळ ड्रम आज सहजासहजी मिळत नाहीत. ते पुसून, तेलाचा हात फिरवून, तेलकागदात गुंडाळून एका लाकडी पेटीत ठेवावेत. पेटीवर गाडीचा चासी क्रमांक लिहावा आणि कोणता ड्रम कोणत्या चाकाचा, याची चिठ्ठी आत टाकावी. गाडी विकली जाईल त्या दिवशी किल्ल्यांबरोबर ती पेटीही नव्या मालकाच्या स्वाधीन करावी.